आडवी कलमं

"धुरी, माझ्या बागेत चल. आताच्या आता," लाडोबा गवस म्हणाला. मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच म्हणाला.

मी घरामागच्या मांडवात रोपांना पाणी घालत होतो. दिवाळी होऊन गेली होती. माझी बायको हिरा श्रावणात गेली. ती रोपं तिचीच, काळ्या पिशव्यांतली, रातांब्याची. रातांबा म्हणजे कोकमाचं झाड. त्यांच्यावर अजून कलम बांधलेलं नव्हतं. ती कुणासाठी वाढवली होती, मला माहीत नव्हतं. किती पाणी घालायचं तेही माहीत नव्हतं. रोज घालत होतो, एवढंच.

"काय झाला?" मी विचारलं.

"बगलंस की कळतला."

"चाय घे आदी."

"तू केलेली? नको. बस पाठी."

गवस पलीकडच्या गावचा काजू बागायतदार. आवाज इतका मोठा की हिरा त्याला लाउडस्पीकर म्हणायची, तोंडावर. तो तिच्यापेक्षा मोठा असून तिला वयनी म्हणायचा. वाटभर एरवी त्याची बडबड चालते. त्या दिवशी तो गप्प होता, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

हिरा कलमं बांधायची. आमच्या घरामागे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर पांढऱ्या रातांब्याचं एक झाड आहे. त्याचं फळ पिकलं तरी लाल होत नाही, फिकट पिवळं राहतं. असं झाड आमच्या भागात क्वचितच सापडतं. कृषी कॉलेजची माणसं यायची, फोटो काढायची आणि सांगायची की हे मँगोस्टीनच्या घराण्यातलं आहे. हिरा म्हणायची, घराणं मोठं असलं तरी ऱ्हवता व्हाळावरच. बियांपासून रोपं केली तर निम्मी नर निघतात, त्यांना फळ नाही. म्हणून लोकांना कलमच हवं असायचं. बांद्यापासून दोडामार्गापर्यंत, आणि खाली गोव्यातही, "हिराचं कलम" म्हटलं की पुढे कुणी काही विचारायचं नाही. मी एसटीत मेकॅनिक होतो, त्या वर्षीच निवृत्त झालेलो. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचो, तेव्हा ती चाकू आणि प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन झाडाच्या काड्या रोपांवर बांधत बसलेली असायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला माझ्या गाड्यांतलं कळत नव्हतं. असं आमचं बरं चाललं होतं.

आदल्या वर्षीच्या पावसात गवसाने हिराची कलमं लावली होती, त्या बागेच्या बांधावर त्याने गाडी लावली.

"बग," तो म्हणाला.

मी बघितलं. मला आधी झाडंच दिसली नाहीत. गवत साफ केलेलं होतं, खड्डे दिसत होते, आळी दिसत होती. मग दिसलं की प्रत्येक आळ्यातून एक खोड वीतभर वर येऊन एका बाजूला वळलं आहे आणि जमिनीवरून पुढे गेलं आहे. पानं हिरवीगार, तुकतुकीत. झाडाला रोग नव्हता. फक्त ते उभं राहत नव्हतं.

"ही काय झाडां काय?" गवस म्हणाला. "कलिंगडाचे वेल आसत. माका सगळे इचारतत, लाडोबा, दुधी कितीक लागले?"

"काठी बांधूची होती."

"बांधलंय. वर्सभर बांधलंय. काठी सोडली की परत निजतत." त्याने पायाने एक फांदी उचलून दाखवली. ती सोडल्यावर पुन्हा खाली गेली. "तुका कारण म्हायत आसा?"

"नाय."

"आडव्या फांदीची काडी घेतलीस तर कलम आडवाच वाढता. जल्मभर. सरळ झाड होया तर शेंड्याचो सरळ कोंब होयो. आणि ह्या माका कोणी शिकवला?"

मी वाकून ती फांदी पुन्हा उचलून बघितली.

"हिरावयनीन. माझ्या खळ्यात बसान शिकवल्यान. तेव्हा तिका कळणा नाय असा म्हणा नको." त्याचा आवाज इथे थोडा खाली आला. "वयनी गेली म्हणान इतके दिवस गप्प रव्हलंय. पण येत्या आयतवारी देवळात बागायतदारांची बैठक आसा. थय मी बोलतलंय. लोकांनी तिच्या नावार कलमां लावली आसत. तेंका कळाक नको?"

"काय कळाक?"

"ताच तुका इचारतंय. तिना माका फसवल्यान, की तिका जमणा नाय झाला? दोनातला एक काय ता सांग. मगे ही सगळी उपटतलंय आणि काजू लावतलंय."

मी म्हणालो, आयतवारपर्यंत थांब. तो म्हणाला, थांबतंय. त्याने मला परत सोडलं नाही. मी चालत आलो.

चालताना मी दोन्ही गोष्टी लावून बघितल्या. हिरा फसवणार नाही. विक्रीला ठेवलेल्या कलमाचं एक पान पिवळं दिसलं तरी ती ते बाजूला काढायची. तिला जमत नाही असंही नव्हतं. मग राहिलं काय? मला वाटलं, काड्या तिने काढल्याच नसतील. दुसऱ्याने काढल्या असतील. मला तसं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं.

दुसरं माणूस म्हणजे मथुरा. शेजारची. पिशव्यांत माती भरायला, पाणी घालायला तीच हिराबरोबर असायची. मी घरी न जाता तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गेलो. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"मथुरा, गवसाच्या कलमांच्यो काड्यो कोणी काढलेल्यो?"

सूप थांबलं नाही. "काड्यो वयनीच काढी. माका चाकूक हात लावूक देय नाय."

"त्या वर्साक पण?"

"खंयच्या वर्साक?"

"गवसाची बांधली त्या."

"माका काय म्हायत नाय, भावोजी."

"सगळी आडवी झालीत. आडव्या फांद्यांच्यो काड्यो आसत. तू तर नाय मा काढलंस?"

आता सूप थांबलं. "माझ्यार घालतास? ती गेली आणि आता मी गावलंय तुमका?"

"घालणय नाय. इचारतंय."

"इचारा नको," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. तांदूळ निम्मे खळ्यातच राहिले. तिच्या कोंबड्या आल्या.

मला काही समजेना. तिने माझ्यावर चिडायचं की मी तिच्यावर, तेही समजेना. मी घरी गेलो, आणि घरात न शिरता मागे व्हाळावर गेलो.

रातांब्याचं झाड सरळ वर जातं आणि त्याच्या फांद्या सगळीकडून आडव्या, खाली झुकलेल्या असतात. उभे कोंब अगदी वर, शेंड्याला. ते काढायला चढावं लागतं. आकडीने ओढलेली काडी पिचते, तिचं कलम धरत नाही, म्हणून हिरा स्वतः चढायची, लुगडं वर खोचून. चढली की खालच्याला हुकूम सोडायची. मी सुट्टीवर असलो तर तो खालचा मी.

मी फांद्या बघायला लागलो. काडी काढली की तिथे खुंटी राहते. झाड ती हळूहळू भरून काढतं, पण खूण जात नाही. खालच्या फांद्यांवर अशा खुणा होत्या, खूप होत्या. म्हणजे काड्या इथूनच गेल्या होत्या. गवस खरं बोलत होता.

मी शिडी लावून वर चढलो. वर जुन्या खुणा होत्या, वर्षानुवर्षांच्या. सगळ्या तिरक्या, एकाच बाजूने कापलेल्या. मी पुन्हा खाली उतरलो आणि खालच्या खुणा बघितल्या. त्याही तिरक्या होत्या, पण उलट्या बाजूने.

तीस वर्षं मी गाड्यांखाली काढली. नट कुणी आवळला, डावऱ्याने की उजव्याने, हे पान्याच्या ओरखड्यावरून ओळखता येतं. खालचे काप डाव्या हाताचे होते. हिरा डावरी नव्हती. मथुराही नव्हती.

मग दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. खालच्या खुणांपैकी एकही माझ्या छातीच्या वर नव्हती. जरा हात उचलला तर मिळाल्या असत्या अशा कितीतरी चांगल्या फांद्या तशाच होत्या. काडी कापताना ती दुसऱ्या हाताने धरावी लागते; तो धरणारा हात न उचलता जेवढं मिळेल तेवढंच कुणी तरी कापलं होतं. डाव्या हाताने.

मी तिथे दगडावर बसलो. व्हाळाला थोडं पाणी होतं. मथुरा मागून आली होती, तिची चाहूल मला लागली नाही.

"बगलास?" ती म्हणाली.

"ह्या तिचाच काय?"

ती बसली. पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला. "उजवो हात वर जाय नाय तिचो. काखेत गाठ होती. मी केस बांधून देय. माका म्हणाली, खय बोललंस तर बग. माझ्या पोराची, झिलाची शपथ घातल्यान."

"कधी?"

"गवसाची कलमां बांधली तेच्या आदी. पाऊस सरता सरता."

मी मनात हिशेब केला. तो बसेना. पुन्हा केला. आदल्या वर्षीच्या दिवाळीत गोव्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरने तिला विचारलं होतं, कधीपासून त्रास होतो? मी शेजारीच उभा होतो. ती म्हणाली, गणपतीपासून. म्हणजे दोन महिने. डॉक्टरने ते लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. मला तेच माहीत होतं. आणि मथुरा सांगत होती त्याच्याही आधीच्या वर्षाचं.

"वर्सभर?" मी म्हणालो.

"वर्साच्या वर."

"माका कित्याक सांगल्यान नाय?"

"ता माका म्हायत नाय, भावोजी. मी इचारलंय. म्हणाली, बरा होतला."

"आणि तू चढान काड्यो काढूच्यो होत्यो तिका."

"मी म्हटलंय. म्हणाली, तू झाडार दिसलंस तर लोक इचारतीत वयनी खंय गेली. तो गवस तर डेपोत तुमका फोन लावीत. म्हणान खालच्यो काढल्यान."

"तिका म्हायत होता ती आडवी जातली."

"म्हायत होता. म्हणाली, आता ही देवया. हात बरो झालो की पुढल्या वर्साक सरळ बांधतंय आणि त्येका बदलून देतंय." मथुराने मांडवाकडे बोट दाखवलं. "ती रोपां तेच्यासाठीच. गवसाचीच आसत ती."

मी त्या रोपांना तीन महिने पाणी घालत होतो.

"मगाशी कित्याक नाय सांगलंस?"

"शपथ घातलेली," ती म्हणाली. "ती गेल्यार शपथ सुटता काय, ता माका कळला नाय. कोणाक इचारू? इचारूचा तर सांगूचाच लागता." आणि थोड्या वेळाने, "आता माझ्या झिलाक काय होऊचा नाय मा?"

"नाय होऊचा. तू खय सांगलंस? मी बगलंय," मी म्हणालो.

आयतवारपर्यंत मी काय करायचं ते ठरवू शकलो नाही. खरं सांगितलं तर हिराचं नाव राहत होतं. पण मग सगळा गाव म्हणणार, बाईने वर्षभर लपवलं, नवऱ्याला सांगितलं नाही, काय कारण असेल? आमच्या गावात कारणं फार लवकर तयार होतात. जे तिने कुणाला कळू दिलं नाही ते मी देवळात उभं राहून सांगायचं, हेही मला धड वाटेना. नाही सांगितलं तर ती फसवणारी ठरत होती. मी तिच्यावर रागावलो होतो काय? होतो. ज्याच्यावर रागवायचं ते माणूस समोर नसलं की राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. मी भांडी घासली, रोपांना पाणी घातलं.

बैठकीला बरीच माणसं होती. आधी काजूच्या दराचं झालं, मग माकडांचं. माकडांवर फार वेळ गेला. मग गवस उठला.

"माका एक बोलूचा आसा. हिरा धुरीच्या कलमांबद्दल."

मी बसलेलो होतो. मी उठलो तेव्हाही मला काय बोलणार ते माहीत नव्हतं.

"त्यो काड्यो मी काढलंय," मी म्हणालो.

गवस माझ्याकडे वळला. "तू?"

"होय. सुट्टीवर होतंय. ती बाजाराक गेली होती. म्हटलंय, जरा मदत करूया. झाडार चढूक भियालंय, म्हणान खालच्यो काढलंय."

मागून कोणीतरी म्हणालं, "तरीच रे. एसटीच्या मान्सान बांधलेली, ती वळणा घेतलीच." माणसं हसली. "लाडोबा, झाडांका हॉर्न बसवन घे," दुसरा म्हणाला.

गवस हसला नाही. तो मला नीट बघत होता. "आणि वयनीक काडी वळाखली नाय?" त्याने विचारलं. "आडवी काडी हातात घेतल्यार तिका कळाक नाय?"

याचा मी आधी विचारच केला नव्हता. मी उभा राहिलो. उगाच खिशातला रुमाल काढला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला कळत होतं की एवढ्यावर माझं खोटं संपलं.

गवस तसाच उभा होता. त्याच्या तोंडावर काहीतरी बदललं. मग तो लोकांकडे वळला आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वळाखल्यान असतला रे. पण घोवान उभ्या जल्मात पयल्यांदा घरातला काय काम केल्यान, ता फेकतली कशी? आणि तीय मनात म्हणाली असतली, गवसाकडेच जातली, जावंदेत."

देऊळ हसून फुटायचं बाकी राहिलं. कोणी माझ्या पाठीवर थाप मारली. विषय पुन्हा माकडांवर गेला.

बैठक सुटल्यावर तो बाहेर पिंपळाखाली माझी वाट बघत होता. मी गेलो. तो किल्ली बोटावर फिरवत होता.

"कलमां भरूक मी टेम्पो घेऊन इलंय, त्या दिवशी वयनी उंबऱ्यार बसान होती," तो म्हणाला. हळू बोलणारा गवस मी पहिल्यांदा बघितला. "एक पिशवी उचलूक नाय. सगळी मी आणि मथुरान भरली. माका राग इलेलो. म्हटलंय, नाव झाला, आता वयनी हात लावची नाय. हात पदराखाली धरून बसलेली." त्याने किल्ली मुठीत धरली. "ता असा होता काय?"

मी मान हलवली.

"तेव्हापासून?"

"तेच्याय आदी. काड्यो काढल्यान तेव्हापासून."

"तुका म्हायत होता?"

"चार दिस झाले."

त्याने मोटारसायकल चालू केली, बंद केली. "मी उपटूचंय नाय ती," तो म्हणाला. "निजांदेत." मग गेला.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मांडवातल्या रोपांवर मथुराने कलमं बांधली, चढून काढलेल्या काड्यांची. ती गवसाने घेतली, पण जुनी झाडंही ठेवली.

त्या बैठकीनंतरच्याच आठवड्याची गोष्ट. मी बाजारात मासे घेत होतो. मागून गवसाचा आवाज आला, सगळा बाजार ऐकेल असा. "काय रे आडव्या, बांगडे तरी उभे घे."

मासेवाली हसायला लागली. "आडवो कित्याक म्हणतास ओ तेंका?"

"तुका म्हायत नाय?" गवस टोपलीजवळ उकिडवा बसला. "ह्येची बायल, हिरावयनी, ती बाजारातसून परत इली. बगता तर ह्या येड्यान खालच्यो काड्यो कापून ठेवलेल्यो. अशी भडाकली, अशी भडाकली, तशीच लुगडा खोचून झाडार चढली. थेट शेंड्यार. आणि थयसून ह्येका वरच्यो काड्यो फेकून मारूक लागली. एक एक. घे, बग, अशी असता काडी."

"खरा काय ओ?" मासेवालीने मला विचारलं.

मी बांगड्यांची पिशवी हातात धरून उभा होतो. गवस खाली बघत होता, टोपलीतला एक बांगडा उलटा करून त्याचे कल्ले बघत होता.

"तीन डोक्यार लागल्यो," मी म्हणालो. "नेम चांगलो होतो तिचो."